साइट न बघता घेतलेला अ‍ॅडव्हान्स

मी भांडुपला राहतो. रंगकाम, टाइल्स, वॉटरप्रूफिंग अशी घरातली छोटी कामं घेतो. गेल्या मे महिन्यात एका पार्टीच्या पहिल्याच फोनवर माझे ४९,००० रुपये गेले. आपल्या लाइनमधल्या लोकांना असे फोन अजूनही येतायत, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितोय.

मे म्हणजे आमची शेवटची घाई. पाऊस लागला की गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची कामं थांबतात, त्यामुळे त्या दिवसांत एकही फोन सोडवत नाही. दुपारी साइटवर डबा उघडला होता तेव्हा याचा फोन आला. हिंदीत, अगदी अदबीने बोलत होता. लष्करात आहे, कुलाब्याला बदली झालीय, कांदिवलीला ठाकूर व्हिलेजमध्ये फ्लॅट घेतलाय, जूनमध्ये बायकामुलं येणार, त्याआधी पूर्ण घराचा रंग आणि एका बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून हवंय. दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन, रिकाम्या फ्लॅटचे फोटो, गणवेशातलं ओळखपत्र आणि आधार कार्ड आलं. मी न मागता. तेव्हा मला तो त्याचा प्रामाणिकपणा वाटला.

रविवारी साइट बघायला येतो म्हणालो. भांडुपहून कांदिवली म्हणजे दादरला गाडी बदला, जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. तो म्हणाला, "आप पर भरोसा है, फोटो देखके बता दो." मला ते सोयीचं वाटलं. मी विचारलं, बाथरूम खालच्या फ्लॅटमध्ये गळतंय का? "जो ठीक लगे कर दो." रंग कुठला? "जो ठीक लगे." फोटोवरून अंदाजे १,४०,००० सांगितले. त्याने एक रुपया कमी करायला सांगितला नाही. पस्तीस टक्के अ‍ॅडव्हान्स म्हणालो, तर म्हणाला, आत्ताच पाठवतो.

वीस वर्षांच्या धंद्यात घासाघीस न करणारी पार्टी मी पाहिलेली नाही. खरा घरमालक फोनवर आधी पैशाचं बोलतच नाही. तो भिंतीला आलेल्या पोपड्यांचं सांगतो, खालच्या काकू सेक्रेटरीकडे तक्रार घेऊन गेल्याचं सांगतो, मागच्या कॉन्ट्रॅक्टरने कसं वाटोळं केलं ते सांगतो. हा माणूस स्वतःच्या घराबद्दल एक वाक्य बोलला नव्हता. त्याचं सगळं बोलणं मला पैसे देण्याबद्दल होतं.

पुढचं झटपट झालं. म्हणाला, आमचं पेमेंट ऑफिसच्या खात्यातून होतं, आधी तुमचं खातं जोडावं लागतं, एक रुपया पाठवा. पाठवला, लगेच दोन आले. मग २४,५०० चा क्यूआर कोड आला. फोन चालूच ठेवायला लावला आणि स्कॅन करून पिन टाकायला सांगितला. टाकला, आणि पैसे माझ्या खात्यातून गेले. "एंट्री अटक गई, दुबारा करो, दोनों साथ वापस आएंगे." मी पुन्हा पिन टाकला. तिसऱ्या वेळी आमच्या मिस्त्रींनी हातातून फोन काढून घेतला. त्या पैशातूनच शनिवारी माणसांना खर्ची द्यायची होती.

यूपीआयमध्ये पिन लागतो तो आपले पैसे जाताना, नाहीतर खात्यातली शिल्लक बघताना. येणाऱ्या पैशाला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. रोज हार्डवेअरवाल्याला मी असेच पैसे देतो, तरी समोरून माणूस सलग बोलत असताना ते सुचलं नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे मी लाजेने रात्रभर कुणाला बोललो नाही. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, तो त्याच मिनिटाला लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळलं तर तिथेच गोठवता येतात. ते व्यवहाराचा नंबर, वेळ आणि बँक विचारतात, तो स्क्रीनशॉट जपून ठेवा. मी सकाळी लावला तोवर खातं रिकामं झालं होतं. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय.

आता पहिल्या फोनवर मी भाव सांगत नाही. इमारत किती जुनी, कितवा मजला, ओल कुठल्या भिंतीला, सोसायटीची परवानगी घेतली का, डेब्रिज कुठे टाकायचं, घरातलं कोण ठरवणार, हे विचारतो. मग साइट बघतो, लांब असेल तरी. अ‍ॅडव्हान्स मेजरमेंट आणि लेखी कोटेशननंतरच, आणि पार्टीने माझ्या नंबरवर पाठवायचा. मी काही स्कॅन करत नाही.

मागच्या महिन्यात ओळखीच्या प्लंबरला तसाच फोन आला. तीच बदली, तीच घाई, फ्लॅट मात्र मुलुंडला. माझं ऐकलेलं असल्यामुळे त्याने एवढंच विचारलं, "साहेब, गीझर कुठल्या भिंतीला आहे?" समोरून फोन कट झाला.