उजनीची धरणाआधीची टोपोशीट: आठ महिने वापरल्यावर

घडीवर शीट (जमिनीचे चढउतार, ओढे, विहिरी दाखवणारा सरकारी नकाशा) फाटली म्हणून परवा दुसरी प्रत काढायला गेलो आणि प्रिंटवाल्याशी पुन्हा वाजलं. पहिल्या वेळी कागदात बसावी म्हणून त्यानं ती बारीक केली होती. नकाशा इंचाला मैल, पण पट्टी लावली की मैल इंचाआधीच संपायचा. "दिसतंय ना सगळं?" म्हणे. दिसतंय हो, मोजू कसं? पैसे गेले ते गेलेच. मग समासातल्या मैलांच्या पट्टीला दोरा लावून काम भागवलं. तीही सोबतच आकसलेली, म्हणून हिशेब जुळतो.

शीट सर्व्हे ऑफ इंडियाची, ४७ जे या क्रमांकाच्या भागातली. रंग-चिन्हं सगळ्यांना माहीत आहेत. माझं भांडण कंटूरशी, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांशी आहे. रेषा दर ५० फुटांनी. उजनी शंभर टक्के भरते ४९६.८३ मीटरला, म्हणजे १६३० फुटांना. उपयुक्त साठा संपतो ४९१.०३ ला, म्हणजे १६११ फुटांना. ज्या साडेत्रेपन्न टीएमसीवरून (अब्ज घनफुटांवरून) दर उन्हाळ्यात बोंबाबोंब होते, ते सगळं पाणी १६०० आणि १६५० च्या मधल्या कोऱ्या जागेत! पाणी कुठवर चढलं हे बघायलाच नकाशा घेतला आणि नेमकी तीच रेषा नाही. तीन महिने पेन्सिलीनं १६३० ची रेषा ओढतोय, खोडतोय. तेव्हा लिहिलं असतं तर एक तारा दिला असता, तोही नाइलाजानं.

मेमध्ये धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरलं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडल्याचे फोटो फिरायला लागले, तशी आई म्हणाली, आपलं बुडालेलं गावठाण बघून येऊ. गाळाला हातभर भेगा. शीटवर ओढ्याच्या वळणाला विहिरीचं बारीक निळं वर्तुळ होतं. दोऱ्यानं अंतर मोजलं, पावलं मोजत गेलो, तर थारोळ्याचा, म्हणजे मोटेचं पाणी जिथं ओतलं जायचं तिथला दगड सापडला. मोटेच्या दोरानं पडलेली खाच अजून त्यात आहे. मी थक्क. आईनं चष्मा कपाळावर सारून शीट डोळ्यांशी धरली.

"ही पाटलांची. आपली वरच्या अंगाला होती, ती का नाही दाखवली?"

त्या एका वर्तुळासाठी चार तारे. पाचवा कंटूरनं खाल्ला.

नवी प्रत पूर्ण मापात काढून घेतली, ८० रुपये जास्त देऊन. आईनं त्यावर लगेच बॉलपेननं स्वतःची विहीर काढली. पेन्सिलीनं काढ म्हणालो, ऐकलं नाही.