ड्राइव्ह ट्रिप झाल्याचं दूर बसून कळायला हवं: रिले, मॉडबस, कंपनीचा क्लाउड की मोटरवरचे सेन्सर?

व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. बिघाड दिसला की तो मोटर थांबवतो, त्यालाच ट्रिप म्हणतात. त्यावर दूरून नजर ठेवायच्या मुख्य वाटा चार. ड्राइव्हच्या फॉल्ट रिलेला (बिघाड आला की पलटणारा स्विच) एसएमएस पाठवणारं युनिट जोडायचं. गेटवे (आकडे वाचून इंटरनेटवर पाठवणारी पेटी) लावून मॉडबसवरून, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या संवादाच्या पद्धतीने, ड्राइव्हचे आकडे वाचायचे. ड्राइव्ह-कंपनीचंच मॉड्यूल आणि क्लाउड घ्यायचा. किंवा ड्राइव्हला हात न लावता मोटरवर कंपन आणि तापमानाचे सेन्सर बसवायचे. माहितीपत्रकात चारही वाटा सारख्याच दिसतात, पण दोन प्रश्न विचारले की फरक उघडा पडतो. मेसेज वाचून निघणाऱ्या माणसाला निघण्याआधी काय कळतं? आणि देखरेखीची यंत्रणाच बंद पडली तर ते कोणाला कळतं? दुसरा प्रश्न खरेदीच्या वेळी सहसा कोणी विचारत नाही.

| वाट | मेसेजमध्ये काय येतं | यंत्रणाच बंद पडली तर |
|---|---|---|
| फॉल्ट रिले + एसएमएस | ‘ट्रिप झाला’ एवढंच | बॅटरी आणि रोजची हजेरी (‘मी चालू आहे’ असा मेसेज) नसेल तर कळत नाही |
| मॉडबस गेटवे | फॉल्ट कोड, करंट, डीसी बस (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज), तापमान | नीट मांडणी केली तर मिनिट-दीड मिनिटात |
| कंपनीचा क्लाउड | कोड, अर्थ आणि सुचवलेला उपाय | त्या सेवेच्या सोयीवर अवलंबून |
| कंपन-सेन्सर | बेअरिंग, अलाइनमेंटची पूर्वसूचना | बॅटरी संपल्याची सूचना मिळते. ट्रिप मात्र कळत नाही |

फॉल्ट रिले

बहुतेक ड्राइव्हमध्ये निदान एक चेंजओव्हर रिले असतो: कॉमन, एनओ (एरवी उघडा) आणि एनसी (एरवी जोडलेला). त्याचं काम पॅरामीटरमधून ठरतं. तिथे लॉजिक उलटं ठेवा, म्हणजे ड्राइव्ह ठीक असताना रिले ओढलेला आणि फॉल्ट आल्यावर सुटलेला. असं केलं की पॅनलचा सप्लाय गेला तरी रिले सुटतो आणि मेसेज जातो. सरळ लॉजिक ठेवलं तर सप्लाय गेल्यावर रिले जागचा हलत नाही. अर्थात एसएमएस युनिटलाही स्वतःची बॅटरी हवी, नाहीतर पॅनलबरोबर तेही झोपतं. बऱ्याच देशांत २जी नेटवर्क बंद झालं आहे किंवा होत आहे, त्यामुळे युनिट ४जीवर चालतं का ते आधी पाहा. पाच ड्राइव्हचे संपर्क सिरीजमध्ये जोडून एकाच इनपुटवर आणायचा मोह टाळा. ‘कुठला तरी ड्राइव्ह गेला’ या मेसेजवर कोणाला पाठवायचं?

खरी मर्यादा अशी की कारण कळत नाही. अंडरव्होल्टेज असेल तर सप्लाय तपासून रिसेट केलं की बहुधा भागतं. अर्थ फॉल्ट (करंट जमिनीकडे गळणं) असेल तर मेगर (इन्सुलेशन तपासायचं उपकरण), बदली केबल, कदाचित बदली मोटर लागते. (मेगर लावण्याआधी मोटरची केबल ड्राइव्हपासून सोडवा. ती जोडलेली असताना मेगर लावला तर दुरुस्तीच्या यादीत ड्राइव्हचीही भर पडू शकते.) ड्राइव्ह दोन-तीनच असतील आणि माणूस आवारातच असेल, तर रिले पुरतो. माणसाला तासभर गाडी चालवून यायचं असेल, तर पुरत नाही.

मॉडबस गेटवे

पैसे आणि वेळ वसूल व्हायची शक्यता इथे सगळ्यात जास्त आहे, आणि चुका करायला जागाही इथेच सगळ्यात जास्त आहे.

सुरुवात वायरिंगपासून. मॉडबस इथे ज्या तारांवरून जातो त्या आरएस-४८५ची केबल ट्विस्टेड पेअर आणि शिल्डेड हवी, आणि कॉमनसाठी तिसरी तार हवी. जोडणी एका ड्राइव्हवरून पुढच्यावर अशी साखळीने करा. मध्यातून फाटे काढू नका. दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर, मधल्या कुठल्याच ड्राइव्हवर नाही. ही केबल मोटर-केबलच्या ट्रेमध्ये टाकली की मोटर बंद असताना सगळं सुरळीत चालतं आणि मोटर चालू झाली की आकडे गळू लागतात. दोन्हींत निदान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा; ओलांडायचंच असेल तर काटकोनात. मॉडबस आरटीयूच्या (आरएस-४८५वरच्या मॉडबसच्या) एका लाइनवर मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा, एकच चालतो. पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आधीच त्या लाइनवरून ड्राइव्ह वाचत असेल तर गेटवे पीएलसीला जोडा, लाइनला नाही.

आता वेग. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) १० रजिस्टर (ड्राइव्हमधले आकड्यांचे कप्पे) वाचायला प्रश्नाचे ८ आणि उत्तराचे २५ बाइट लागतात. पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) धरून बाइटला ११ बिट, म्हणजे साधारण ३८ मिलिसेकंद. ड्राइव्हचा उत्तराला लागणारा वेळ मिळवून १०० धरा. २० ड्राइव्हची फेरी २ सेकंदांत होते. मग एक ड्राइव्ह दुरुस्तीसाठी बंद केला, गेटवेचा टाइमआउट १ सेकंद आणि प्रयत्न तीन असले, की तीच फेरी ५ सेकंदांची होते. तीन ड्राइव्ह बंद असले तर ११ सेकंदांची. त्यामुळे टाइमआउट २००–३०० मिलिसेकंदांवर आणा आणि उत्तर न देणाऱ्या ड्राइव्हला दर फेरीत न विचारता मिनिटाने एकदा विचारा.

पण वेग कितीही वाढवला तरी ट्रिपचा क्षण असा पकडता येत नाही. ओव्हरकरंट काही मिलिसेकंदांत येऊन जातो. पुढच्या वाचनापर्यंत ड्राइव्ह थांबलेला असतो आणि मेसेजमध्ये दिमाखात ‘करंट ० अँपिअर’ येतं. म्हणून फॉल्ट दिसताच गेटवेने ड्राइव्हच्या फॉल्ट-मेमरीची रजिस्टरं वाचली पाहिजेत. अनेक ड्राइव्ह ट्रिपच्या क्षणीची फ्रिक्वेन्सी, करंट आणि डीसी बस तिथे साठवून ठेवतात.

याचा उपयोग ओव्हरव्होल्टेजमध्ये चांगला दिसतो. ४१५ व्होल्ट सप्लायवर डीसी बस १.४१४ पटीने सुमारे ५८७ व्होल्ट असते. ट्रिपच्या वेळी बस खूप वर आणि फ्रिक्वेन्सी उतरत असेल, तर जड लोडच मोटरला ढकलतो आहे आणि वीज ड्राइव्हकडे परत येते आहे: डीसेलरेशनचा वेळ कमी पडतो आहे किंवा ब्रेक रेझिस्टर तुटला आहे. बस वर पण फ्रिक्वेन्सी स्थिर असेल, तर सप्लायकडे पाहा. पहिल्यात येताना मल्टिमीटर आणि रेझिस्टर घेऊन यायचं, दुसऱ्यात कदाचित यायचीही गरज नाही.

कोड वाचतानाही ठेच लागते. एबीबीच्या एसीएस५८०मध्ये ओव्हरकरंटचा कोड २३१०, पण तो हेक्साडेसिमल आहे. गेटवेने तो साधा आकडा समजून पाठवला तर मोबाईलवर ८९७६ येतं आणि तो मॅन्युअलमध्ये सापडत नाही. मॅन्युअलमधलं रजिस्टर ४०००१ लाइनवर पत्ता ० म्हणून जातं, त्यामुळे एकाने चुकलं की करंटच्या जागी टॉर्क दिसतो. ३२ बिटचा आकडा अवाढव्य दिसला तर दोन शब्दांचा क्रम उलटा झाला आहे. प्रत्येक आकडा ड्राइव्हच्या डिस्प्लेशी मोटर चालू असताना ताडून पाहा. बंद मोटरवर सगळेच शून्य जुळतात.

आणखी एक: ड्राइव्हमध्ये ‘संपर्क तुटल्यास काय करायचं’ असं पॅरामीटर असतं. नुसती देखरेख करायची असेल तर ते ‘काही करू नका’वर ठेवा. ते ‘फॉल्ट’वर राहिलं तर गेटवे रीस्टार्ट झाला की चालती मोटर थांबू शकते. गेटवेला लिहिण्याची परवानगीही देऊ नका. मॉडबसमध्ये पासवर्ड नसतो, म्हणून पोर्ट ५०२ इंटरनेटवर कधीच उघडायचं नाही. गेटवेने आतून बाहेर टीएलएसवर (सुरक्षित, कूटबद्ध जोडणी), एमक्यूटीटीसाठी (सर्व्हरला मेसेज पाठवायची पद्धत) सहसा ८८८३ पोर्टवर, जोडणी करायची. दूरून रिसेटची सोय विक्रेता हौसेने दाखवतो. रन कमांड चालूच असेल तर काही मांडणीत रिसेट होताच मोटर फिरू लागते, आणि त्या वेळी मशीनमध्ये कोणाचा हात आहे हे मोबाईलवर दिसत नाही.

कंपनीचा क्लाउड

सगळे ड्राइव्ह एकाच कंपनीचे असतील तर वरचा निम्मा त्रास वाचतो. रजिस्टरं जुळवायची नाहीत, कोडचा अर्थ मेसेजमध्येच येतो, आणि काही मॉडेलमध्ये पंखा, कॅपॅसिटर यांच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाजही मिळतो. ड्राइव्ह तीन कंपन्यांचे असतील तर मात्र तीन ॲप आणि तीन वर्गण्या गळ्यात पडतात. वर्गणी थांबवल्यावर जुना डेटा काढून घेता येतो का आणि मेसेज येत राहतात का, ही दोन उत्तरं लेखी घ्या.

मोटरवरचे सेन्सर

बेअरिंग जायला लागल्याचं ड्राइव्हला फार उशिरा कळतं. करंट वाढतो तोवर आवाज बाहेर ऐकू येत असतो. इथे कंपन-सेन्सरला तोड नाही. आयएसओ २०८१६-३ नुसार १५ ते ३०० किलोवॅटच्या, पक्क्या पायावरच्या मशीनला २.८ मिलिमीटर प्रति सेकंदाच्या वर लक्ष घालावं लागतं आणि ४.५ च्या वर नुकसानीचा धोका असतो. मात्र व्हीएफडीवर मोटरचा वेग बदलतो आणि एखाद्या वेगावर सांगाडाच थरथरतो. त्यामुळे वेग सोबत नोंदवला नाही तर ही मर्यादा खोटे मेसेज देत राहते. सेन्सर बेअरिंगच्या घरावर बसवा, पंख्याच्या पत्र्यावर नाही.

बॅटरीवरचे सेन्सर सहसा ठरावीक अंतराने, कधी तासातून एकदा, मोजतात. ट्रिप झालेली मोटर त्यांच्या लेखी सगळ्यात निरोगी: कंपन शून्य. ट्रिपच्या मेसेजला पर्याय म्हणून ते घेऊ नका, जोड म्हणून घ्या.

पैसे देण्याआधी

गेटवेला वेगळा छोटा यूपीएस, अँटेना लोखंडी पॅनलच्या बाहेर. एमक्यूटीटी असेल तर ‘लास्ट विल’ चालू ठेवा: कीप-अलाइव्ह (‘मी आहे’ कळवायची मुदत) ६० सेकंद असेल तर गेटवे गप्प झाल्यावर साधारण ९० सेकंदांत सर्व्हर ते जाहीर करतो. गेटवे चालू पण आरएस-४८५ तुटलेली असेल, तर काही गेटवे शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा पाठवतात. पडद्यावर ४२ अँपिअर, प्रत्यक्षात मोटर थंड. ‘वाचता आलं नाही’ ही स्थिती वेगळी पाठवणारा गेटवेच घ्या.

चाचणी विक्रेत्यासमोर करा. बाह्य फॉल्टचं इनपुट वापरून ड्राइव्ह ट्रिप करा. मग आरएस-४८५चा कनेक्टर ओढा. मग अँटेना काढा. शेवटी पॅनलचा एमसीबी पाडा. चारही वेळा मोबाईलवर वेगवेगळा मेसेज यायला हवा. दोन वेळा एकच आला किंवा एकदा काहीच आलं नाही, तर बिलावर सही त्याच दिवशी करू नका.