बालाचडी की वळिवडे?

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने पोलंडमधून हद्दपार केलेल्या आणि पुढे तिथून सुटलेल्या पोलिश मुलांना भारतात मुख्यतः दोन ठिकाणी आसरा मिळाला. जामनगरजवळच्या बालाचडीत 1942 पासून बहुतेक अनाथ मुलं राहिली. तिथल्या नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना आपलंसं केलं. पालकाची भाजी नको म्हणून मुलं अडून बसली, तेव्हा जामसाहेबांनी स्वयंपाकातून ती भाजीच काढायला लावली, असं ती मुलं पुढे सांगत. आपलं म्हणणं कुणी ऐकतं, हे त्या मुलांना किती दिवसांनी कळलं असेल!

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 ते 1948 दरम्यान सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका-मुलं. इथे पोलिश शाळा, चर्च होतंच. पण मला मोठी वाटते ती संध्याकाळी हाक मारणारी आई. निवड करायची तर मी वळिवडंच निवडेन. बालाचडीच्या मुलांपुढे मात्र ती निवड नव्हती.