रोनाल्डोच्या जुन्या जर्सी: कापड उत्तम, क्रमांक मात्र तपासून घ्यावेत

म्हापशाच्या बाजारपेठेतील खेळसाहित्याच्या एका दुकानात सध्या रोनाल्डोच्या जुन्या जर्सींच्या प्रतिकृती मिळतात. गोव्यात हे नाव घेतले की 'कुठला?' असा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच स्पष्ट करतो की हा पोर्तुगालचा नव्हे, तर विश्वचषकात 15 गोल करून 2011 साली निवृत्त झालेला ब्राझीलचा फुटबॉलपटू, आघाडीवीर. किंमत प्रत्येकी 650 रुपये. मी बार्सिलोना, इंटर मिलान आणि ब्राझील अशा तीन जर्सी घेतल्या.

तिन्हींत बार्सिलोनाची सरस आहे. त्या काळी हा क्लब छातीवर कोणत्याही कंपनीची जाहिरात लावत नसे आणि दुकानदारानेही ती लावलेली नाही. 1996-97 च्या त्या एकाच हंगामात रोनाल्डोने 49 सामन्यांत 47 गोल केले. त्यांतला कोम्पोस्तेला या स्पॅनिश क्लबविरुद्धचा गोल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना प्रतिस्पर्ध्याने मागून जर्सी ओढून धरलेली असतानाही चेंडू पायाशी ठेवून धावत सुटलेला तो विशीतला मुलगा आठवेल. या प्रतिकृतीची शिवण तेवढी ओढाताण सोसेल की नाही हे सांगता येत नाही, पण खांद्याची दुहेरी शिवण पक्की आहे आणि ऐन पावसाळ्यातही कापड घरातल्या दोरीवर एका रात्रीत वाळते.

माझी खरी तक्रार इंटरच्या जर्सीबद्दल आहे. तिच्या चिठ्ठीवर '1997-98' असे छापले आहे आणि पाठीवर 9 हा आकडा आहे. त्या पहिल्या हंगामात रोनाल्डो 10 क्रमांकाने खेळत होता. पॅरिसमध्ये लाझिओला 3-0 असे हरवून इंटरने युएफा चषक ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकली, तेव्हाही त्याच्या पाठीवर 10 च होता. पुढच्या वर्षी रॉबेर्तो बाज्जो संघात आला, 10 त्याच्याकडे गेला, रोनाल्डोला 9 मिळाला आणि ज्याचा 9 गेला त्या इव्हान झामोरानोने 18 घेऊन 1 आणि 8 यांच्यामध्ये अधिकचे चिन्ह लावले. हे सगळे ठाऊक असलेला माणूसच अशी जर्सी विकत घेतो. शिवाय काही धुण्यांतच त्या 9 ची कड सुटू लागली, म्हणजे चुकीचा आकडा टिकलाही नाही.

ब्राझीलच्या पिवळ्या जर्सीवर 2002 लिहिले आहे, मात्र मानचिन्हावर पाच तारे आहेत; एका विश्वचषक विजयाचा एक तारा असतो. 2002 च्या विश्वचषकात ब्राझील चार ताऱ्यांची जर्सी घालून उतरला होता. पाचवा तारा मिळाला तो 30 जून रोजी योकोहामात जर्मनीला 2-0 असे हरवल्यानंतर. दोन्ही गोल रोनाल्डोचेच होते. पहिल्या गोलाच्या वेळी सहकारी रिव्हाल्डोचा फटका जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर काहन याच्या हातून निसटला आणि रोनाल्डो तिथे आधीच पोहोचला होता. नोव्हेंबर 1999 मध्ये गुडघा दुखावून शस्त्रक्रिया झाली, एप्रिल 2000 मध्ये मैदानात परतल्यावर काही मिनिटांतच तोच गुडघा पुन्हा गेला, नंतरचा अख्खा हंगाम बुडाला. आणि त्या माणसाने एका विश्वचषकात आठ गोल केले. जास्तीचा एक तारा त्यामुळे मला बराच खटकला. दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, "अहो बाब, पाच वेळा जिंकले ना, मग पाचच तारे!" यावर काय बोलणार? छपाईचा कारखाना बाहेरगावचा असून माल तिकडूनच असा येतो, असेही त्याने सांगितले. जर्सी परत घ्यायला तो तयार नव्हता; बदलून द्यायला मात्र लगेच तयार झाला.

या दुकानाची खरी उपयुक्त सेवा म्हणजे कोरी जर्सी घेऊन हवा तो क्रमांक समोर छापून घेण्याची सोय. इंटरची जर्सी बदलून मी रेआल माद्रिदची पांढरी कोरी घेतली आणि तिच्यावर 11 छापून घेतला, कारण पहिल्या हंगामात तिथे त्याचा क्रमांक तोच होता आणि एप्रिल 2003 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर तीन गोल करून तो बाहेर पडताना मँचेस्टर युनायटेडच्या प्रेक्षकांनी त्याला टाळ्या दिल्या त्या त्याच जर्सीत. छपाईचे 100 रुपये वेगळे पडतात. एसी मिलानची हवी असेल, तर 99 सांगावा, कारण तिथे 9 आधीच फिलिप्पो इंझागीकडे होता. आणि त्या वेळचे छायाचित्र मोबाइलवर सोबत न्यावे, म्हणजे आकड्याचे वळणही नीट जुळवून घेता येते.