क्लच बदलून आठ महिने झाले

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. गेल्या जूनमध्ये ७१ हजार किलोमीटरला क्लच गेला. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये एवढा टिकला हेच खूप. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सगळा सेट बदलून घेतला. मजुरी, जीएसटी धरून बिल १४,८०० रुपये. नावं मुद्दाम घेत नाही.

आधी क्लचबद्दल, कारण पैसे त्याचे मोजलेत. काम चांगलं झालंय. पेडल हलकं आहे, रिव्हर्स कुरकुर न करता पडतो. दिवाळीत चार माणसं आणि फराळाचे डबे घेऊन खंबाटकी चढलो, मधे ट्रकमागे दोनदा थांबावं लागलं, तरी जळका वास नाही. क्लचला पैकीच्या पैकी मार्क.

पण गाडी ताब्यात घेऊन घरी येतानाच स्टिअरिंग सरळ रस्त्यावर थोडं डावीकडे झुकलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. गिअरबॉक्स काढायला चाकांना धरणारे खालचे आर्म सोडले होते आणि बसवल्यावर अलाइनमेंट केलंच नव्हतं. थोडी हुज्जत घातल्यावर फुकट करून दिलं.

जुलैत मात्र खरं दुखणं सुरू झालं. पावसाळी सकाळी सेल्फ मारला की इंजिन खर्र… खर्र… करत कसंबसं फिरायचं. दुपारी मात्र एका फटक्यात चालू. वर्कशॉपला फोन केला. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "सर, बॅटरीला चार वर्षं झाली. तिचं आयुष्य संपलं." पटण्यासारखं होतं. ४,९०० ची नवी बॅटरी टाकली. अकराव्या दिवशी पुन्हा खर्र… खर्र… नव्या बॅटरीवर! पुन्हा फोन. आता म्हणे, "सेल्फ मोटर खोलून बघावी लागेल, गाडी सोडा." क्लचचा काही संबंध असेल का, असं विचारलं तर हसला. "सर, क्लच वेगळा, स्टार्टिंग वेगळं. योगायोग."

ऑगस्टमध्ये साताऱ्याला सासरी गेलो आणि तिथे गाडी सुरूच होईना. मेहुण्याने ओळखीच्या गॅरेजवाल्या मामांना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, "हल्ली काय काम केलंय?" म्हटलं, क्लच. "म्हंजे गिअरबॉक्स उतरवला आसंल." मग हेडलाइट लावायला सांगितला. लख्ख. हॉर्नही खणखणीत. मामांनी मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि म्हणाले, "मारा सेल्फ." काटा नव्हता, आकडे होते, आणि ते १.९ व्होल्टवर गेले. "हितं अर्ध्या व्होल्टच्या आत पायजे. तुमची बॅटरी नवी आसून काय उपेग?"

त्यांनी मायनसपासून थेट इंजिनला जाडजूड जंपर केबल लावली. सेल्फ मारला. इंजिन असं फिरलं की मेहुणा दचकला.

प्रकार असा होता. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, त्यामुळे करंट परत बॅटरीकडे यायला एक वेगळी अर्थिंगची पट्टी लागते. आमच्या गाडीत ती गिअरबॉक्सवर एका बोल्टने आवळलेली आहे. गिअरबॉक्स उतरवताना ती सोडावीच लागते. बसवताना बोल्ट हाताने फिरवून ठेवला आणि पाना लावायचा राहिला. दिव्यांचं अर्थिंग बॉडीवरून, म्हणून दिवे ठणठणीत; सेल्फला मात्र शंभरावर अँपिअर लागतात, तिथे सैल जोड उघडा पडतो. त्यात पावसाचं पाणी जाऊन गंज धरलेला. मामांनी बोल्ट खरोखरच बोटांनी फिरवून दाखवला. पॉलिश पेपरने घासलं, आवळलं, वर थोडं ग्रीस. १५० रुपये झाले. मी दोनशे दिले, तर पन्नास परत केले.

बोल्टचा व्हिडिओ मी आधीच काढून घेतला होता, ते बरं झालं. कारण सप्टेंबरात पार्किंगच्या फरशीवर, डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, गिअर ऑइलचे थेंब दिसू लागले. यावेळी फोन केलाच नाही. जॉब कार्ड, व्हिडिओ आणि डागांचे फोटो जोडून वर्क्स मॅनेजरला मेल टाकला आणि एकच विचारलं: क्लचच्या कामात डावा ॲक्सल, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाला जाणारा दांडा, बाहेर काढला होता की नाही? काढला होता. परत घालताना तिथलं ऑइल अडवणाऱ्या रबरी सीलची कड दुखावली की गळती लागते. तरी आधी "सील जुनं होतं" हे ऐकावं लागलं. अहो, जुनं होतं तर तेव्हाच नवं टाकायचं ना, सीलची किंमत ती किती! चौथ्या मेलला, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लिहिल्यावर, सील आणि ऑइल मोफत बदलून मिळालं. बॅटरीचे पैसे काही मिळाले नाहीत. ती आम्ही आमच्या मर्जीने घेतली, असं लेखी उत्तर आलं.

त्यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. नोव्हेंबरात ब्लोअरमधून फडफड आवाज यायला लागला आणि मी तावातावाने तिथे गेलो. डॅशखालून निघाली कडुलिंबाची वाळकी पानं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली होती, इतकंच. खजील होऊन परत आलो. पण त्या दिवसापासून एक कळलं, की भांडायला जाण्याआधी त्यांचा हात तिथे गेला होता का, हे बघायचं. आता कुठलंही काम देताना ॲडव्हायझरला विचारतो, तिथपर्यंत पोचायला काय काय सोडणार? ते जॉब कार्डवर लिहून घेतो. ॲडव्हायझर पोरगा वैतागतो, पण लिहितो.

मीटर आता ७८,६०० वर आहे. सेल्फ एका फटक्यात लागतो. गळती बघायला गाडीखाली पुठ्ठा टाकला होता, तो अजून तिथेच आहे. त्यावर सोसायटीतलं मांजर झोपतं.