जुना लाइटमीटर घ्यायचाय? वेस्टन, सेकॉनिक की लुनासिक्स

लाइटमीटर म्हणजे फोटोसाठी उजेड मोजायचं यंत्र. जुना मीटर निवडताना कंपनीपेक्षा आतला उजेड टिपणारा सेल कोणता आहे ते आधी बघा. बाकी सगळं दुरुस्त होतं, मेलेला सेलेनियम सेल जिवंत होत नाही.

वेस्टन मास्टर ५ सेलेनियमवर चालतो, बॅटरीची कटकट नाही. पण सेलेनियमचं आणि दमट हवेचं वाकडं. मुंबई-कोकणातले पावसाळे काढलेला मीटर न तपासता घेऊ नका. सेल पूर्ण झाका, सुई शून्यावर यायला हवी. न आल्यास शून्याच्या स्क्रूने आणा. मग एकाच साध्या भिंतीवर ऊन, सावली आणि संध्याकाळ अशा तीन उजेडांत डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून बघा. तिन्ही वेळा मीटर एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा उजेड) दाखवत असेल तर चालेल: आयएसओ १००च्या फिल्मला डायल २००वर ठेवा. चूक प्रत्येक वेळी वेगळी येत असेल तर सोडून द्या. मास्टर २ किंवा त्याआधीचा असेल तर डायलवर फिल्मच्या वेगाचे वेस्टनचे स्वतःचे आकडे असतात. आयएसओ १०० म्हणजे तिथे ८०.

सुई अजिबात हलत नसेल तर आशा असते. बऱ्याचदा सेलला टेकणाऱ्या कड्यावर गंज धरलेला असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सेलच्या दर्शनी बाजूला मात्र पॉलिश पेपर लावू नका. तिथला पारदर्शक धातूचा पातळ थर म्हणजेच एक टोक. सोल्डरिंगही नको, सेलेनियम साधारण २२० अंशांलाच वितळतं. सुई मधेच अडकत असेल तर प्लास्टिकच्या काचेवरचा स्थिर विद्युतभार तपासा; काचेवर तोंडाची वाफ सोडून सुई मोकळी झाली तर दोष तोच.

सेकॉनिकमध्ये एल-३९८ आणि एल-३९८ए दिसायला जुळे भाऊ. पहिल्यात सेलेनियम, 'ए'मध्ये अमॉर्फस सिलिकॉन. बॅटरी दोन्हींत नाही, पण 'ए'त सेलेनियम मरण्याची भीती नाही, म्हणून तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. पांढरा घुमट विषयापाशी कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचा. कडक उन्हात हाय स्लाइड (सेलवरचा उजेड कमी करणारी पट्टी) घालतात. ती घातल्यावर 'एच'ची खूण न वापरल्यास एक्स्पोजर कित्येक स्टॉपने चुकतं. ईव्ही (उजेडाचं माप) ४च्या खाली हा मीटर कामाचा नाही.

रात्रीचे रस्ते, देवळाचा गाभारा असलं काम असेल तर गॉसेन लुनासिक्स ३च हवा. त्यात कॅडमियम सल्फाइडचा सेल आणि १.३५ व्होल्टच्या दोन पीएक्स६२५ बॅटऱ्या. या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. अल्कलाइन १.५ व्होल्ट देते, मीटर उजेड जास्त दाखवतो, फिल्मला उजेड कमी पडतो (अंडर होते). शिवाय व्होल्टेज घसरत जाईल तशी चूकही बदलते. स्वस्त उपाय म्हणजे श्रवणयंत्राची ६७५ झिंक-एअर, १.४ व्होल्ट. तिचा व्यास कमी, म्हणून भोवती पितळी कडं लागतं, आणि सील काढल्यावर ती काही आठवड्यांत सुकते. टिकाऊ उपाय हवा तर सिल्व्हर ऑक्साइड बॅटरीसोबत व्होल्टेज उतरवणारा शॉट्की डायोड असलेला अडॅप्टर. कॅडमियम सल्फाइडच्या सेलला आठवणही असते: उन्हातून एकदम अंधारात आलात तर काही मिनिटं थांबून रीडिंग घ्या.

एवढं थांबायचं नसेल तर लुनासिक्स एफ बघा. सिलिकॉन सेल चटकन प्रतिसाद देतो, बॅटरी साधी ९ व्होल्टची. फक्त बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा गंज दिसतोय का ते उघडून बघा. थोडा असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने निघतो, तारेच्या आत शिरला असेल तर तार बदलावी लागते.