कंपाइलच्या वेळी चालणाऱ्या कोडला काय म्हणावे?

कंपाइल करणे म्हणजे लिहिलेला कोड चालवण्याआधी त्याचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणे; ते करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपाइलर. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांसाठी या वेळी चालणाऱ्या कोडवर मराठीत टिपणे लिहायला बसलेल्यापुढे साधारण तीन शब्द येतात: मेटाप्रोग्रॅमिंग, संकलनकालीन प्रोग्रॅमिंग आणि कंपाइल-टाइम प्रोग्रॅमिंग. ‘संकलन’ हा कंपाइल करण्याचा मराठी प्रतिशब्द, पण तो म्हटला की वाचकाला चित्रपट किंवा माहिती गोळा करणे आठवते, म्हणून तो शब्द मी बाजूला ठेवतो. ‘मेटाप्रोग्रॅमिंग’ (कोडवरच काम करणारा कोड लिहिणे) भारदस्त असला तरी त्याची व्याप्ती वेगळी आहे. पायथनमधील मेटाक्लास (क्लास घडवणारा क्लास) हेही मेटाप्रोग्रॅमिंगच, पण ते प्रोग्रॅम चालू असताना घडते. उरतो ‘कंपाइल-टाइम’, आणि माझा कौल त्यालाच आहे, मात्र तो कशाला जोडायचा हे पाहूनच.

किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब घ्या: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहा. सी प्लस प्लसमध्ये तिथीला ४५ मिनिटांनी गुणणारे ‘कॉन्स्टएक्स्पर’ फंक्शन लिहून पंधरा तिथींचे कॉन्स्टएक्स्पर कोष्टक भरले, तर ते कंपाइलरच तयार करतो. पण तेच फंक्शन वापरणाऱ्याने टाइप केलेल्या तिथीवर बोलावले, तर गुणाकार प्रोग्रॅम चालतानाच होतो. त्यामुळे त्याला ‘कंपाइल-टाइम फंक्शन’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. ‘कंपाइलच्या वेळीही चालू शकणारे फंक्शन’ हे लांबलचक असले तरी खरे आहे, आणि त्यातील ‘ही’ गाळू नये. सी प्लस प्लस २० मधील ‘कॉन्स्टइव्हॅल’ला मात्र ‘कंपाइलच्या वेळीच चालणारे’ असे बेलाशक म्हणावे, कारण तिथे टाइप केलेली तिथी दिली तर कंपाइलर एररच देतो. रस्ट या भाषेतील ‘कॉन्स्ट एफएन’ पहिल्या, म्हणजे ‘वेळीही’च्या गटातले आहे.

मॅक्रोला या दोन्ही गटांत बसवू नये. रस्टचा मॅक्रो टोकन (कोडमधील सुटे शब्द आणि चिन्हे) घेऊन नवा कोड तयार करतो, तेव्हा टाइप तपासणी (मूल्यांचे प्रकार जुळतात का हे पाहणे) व्हायची असते. म्हणून ‘मॅक्रो उत्तर काढतो’ असे न लिहिता ‘मॅक्रो कोड तयार करतो’ असे लिहावे. झिग या भाषेतील ‘कॉम्पटाइम’सारखे कीवर्ड (भाषेचे राखीव शब्द) जसेच्या तसे ठेवावेत, कारण विद्यार्थ्याला एररमध्ये तेच दिसणार आहेत.